चहाचे पेले आणि निळ्या खुणा

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावाखाली 'समाजमाध्यमे आणि मनःशांती' असं छापलंय. मनःशांतीतलं मला फारसं कळत नाही, त्यासाठी परवाचे वक्ते आहेत. मी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आणि बरीच वर्षं एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव. त्यामुळे भांडणांविषयी, त्यातही बिनमहत्त्वाच्या भांडणांविषयी, थोड्या अधिकाराने बोलू शकतो. आजचा विषय तोच धरा, आणि त्याला जोडून थोडं कृतज्ञतेविषयी.

आपला एक समज आहे की फुटकळ कारणावरून चारचौघांत एकमेकांची अब्रू काढणं हा मोबाइलने लावलेला रोग आहे. मोबाइलवर हा आळ उगाच आहे. १८९० साली पुण्यात काय झालं ते ऐका. पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला गावातली मोठी मंडळी जमली होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांची जागा, आणि त्यांच्या हातचं खाणं-पिणं म्हणजे तेव्हा बाटणं. व्याख्यान संपलं आणि चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायलं, कोणी यजमानांचा मान राखायला पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. एवढंच. पण तिथे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. ती बाहेर आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. गृहस्थ हुशार आणि तितकेच खोडकर. आजच्या भाषेत, त्यांनी स्क्रीनशॉट फिरवला.

त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते. टिळक होते. चोवीस वर्षांचे गोखले होते. पुढची दोन वर्षं गाव यावर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, चौकशी बसली. कोण प्यायलं, कोणी नुसता पेल्याला हात लावला, कोणी बिस्किट खाल्लं, याचा खल झाला. ज्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही त्यांच्या घरी श्राद्धाला भटजी येईनात. व्याही-विहिणी बोलेनाशा झाल्या. एका पेल्यापायी घराघरांत ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं भांडण, शिरलं.

आणि हे चाललं होतं तेव्हा देशात काय चाललं होतं? त्याच १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. त्यातून संमतिवयाचं, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठी किमान वय ठरवणारं, विधेयक आलं आणि १८९१ च्या मार्चमध्ये मंजूर झालं. वय किती वाढवलं? दहाचं बारा. त्यावरही पुण्यात रण माजलं होतं, तेव्हा लोकांचं तिकडे लक्षच नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तीच माणसं सकाळी त्या मुलीबद्दल वाद घालत होती आणि संध्याकाळी बिस्किटाबद्दल. दोन्हीकडे आवाज सारखाच चढलेला. मला अस्वस्थ करतं ते हे. बिस्किटावर बोलायला हरकत नाही, पण आवाज तरी निराळा हवा की नको?

रानड्यांनी शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहिलंय. ज्या मित्रांची घरं या वादात अडकली होती त्यांची सुटका व्हावी, हा त्यामागचा विचार होता. सुधारकांनी त्यांना भित्रे ठरवलं. खुद्द रमाबाईंनाही ते रुचलं नव्हतं. रानड्यांचं बरोबर होतं की चूक, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येईल आणि मी निकाल देणार नाही. मला त्यात एक दिसतं: या माणसाला स्वतःच्या प्रतिष्ठेचं वजन आणि मित्राच्या घरातल्या अबोल्याचं वजन वेगवेगळं करता आलं. आपल्यातल्या किती जणांना ग्रुपवर शेवटचा शब्द दुसऱ्याला देता येतो?

आता आपल्याकडे येऊ. क्षुल्लक गोष्टीवरच भांडण का जास्त होतं, याचं उत्तर पार्किन्सन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने १९५० च्या दशकात देऊन ठेवलंय. त्याने एक काल्पनिक समिती रंगवली. तिच्यापुढे एक कोटी पौंडांच्या अणुभट्टीचा प्रस्ताव येतो, तो अडीच मिनिटांत मंजूर. कारण अणुभट्टीतलं कुणालाच काही कळत नाही आणि तसं कबूल करायची कुणाची तयारी नाही. मग येते कारकुनांच्या सायकलींसाठी साडेतीनशे पौंडांची शेड. त्यावर पाऊण तास. छप्पर ॲल्युमिनियमचं की पत्र्याचं, यावर प्रत्येकाला मत आहे.

हसू नका, आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हे दरवर्षी पाहिलंय. डीम्ड कन्व्हेयन्सचा विषय, म्हणजे आपल्या पायाखालची जमीन आपल्या नावावर होणार की बिल्डरच्याच राहणार हा प्रश्न, 'सर्वानुमते मंजूर' म्हणून निघून जायचा. लोक त्या वेळात वडा घ्यायला उठायचे. आणि गणपतीच्या प्रसादाला मोदक उकडीचे की तळणीचे यावर सभा रात्री अकरापर्यंत. कन्व्हेयन्सचे कागद वाचायला दोन रविवार जातात. मोदकावर बोलायला तोंड पुरतं.

मोबाइलने यात भर घातली ती दोन गोष्टींची. एक म्हणजे प्रेक्षक. पूर्वी जिन्यात दोघं भांडले तर ऐकणारे तीन-चार जण, त्यातली एखादी आजी 'पुरे झालं रे आता' म्हणणारी. आता व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसू शकतात. तेवढ्या लोकांसमोर कुणी शेजाऱ्याला उत्तर देत नाही, गॅलरीला देतो. त्यामुळे 'हो, गाडी चुकून लागली, काढतो' हे साधं वाक्य लिहायला माणसाला जड जातं. तेच वाक्य लिफ्टमध्ये सहज तोंडातून निघतं.

दुसरी गोष्ट निळी खूण. २०१४ पासून आपल्याला कळायला लागलं की समोरच्याने वाचलंय. त्याआधी उत्तर आलं नाही तर आपण समजायचो, गेला असेल बाजारात. आता समजतो, मुद्दाम गप्प बसलाय. त्या बिचाऱ्याने कुकर उतरवायला फोन ठेवलेला असतो. इकडे आपण रात्रभर त्याच्या मौनाचा अर्थ लावत पडतो आणि सकाळी सहाला अशी काही पोस्ट टाकतो की तिचं उत्तर देणं त्याला भागच पडावं.

पण हे बोलताना एक धोका आहे आणि तो ओलांडून मी पुढे जाणार नाही. 'सोडून द्या हो, क्षुल्लक आहे' हे वाक्य बरेचदा ज्याचं काही जात नाही तोच म्हणतो. एखाद्या मुलीच्या फोटोखाली कुणी घाण लिहितं, कुणाच्या जातीवरून विनोद फिरतो, घरकामाला येणाऱ्या बाईंना लिफ्ट वापरू नका असं ग्रुपवर ठरवलं जातं, तिथे कृपा करून कुणाला शांत राहायचा उपदेश करू नका. आमच्याकडे तो लिफ्टचा ठराव आला होता. त्यावर कडाक्याचं भांडण झालं, ते व्हायलाच हवं होतं, आणि ठराव पडला. कृतज्ञतेचंही तसंच. 'आम्ही तुमच्यासाठी इतकं केलं, आता बोलू नका' असं वरच्याने खालच्याला ऐकवलं की कृतज्ञतेची दांडगाई होते. माझी कसोटी साधी आहे: या भांडणात हरलो तर कुणाचं काय जाईल? ज्याचं घर, काम, इज्जत जाणार आहे त्याच्यासाठी ते मोठंच आहे. माझा नुसता मुद्दा जाणार असेल तर तो जाऊ द्यायला मी मोकळा आहे.

आता कृतज्ञतेकडे येतो. संयोजक घड्याळ दाखवतायत, पण हा भाग मी आटपता घेणार नाही. आभाराच्या गोडगोड संदेशांना मीही कंटाळलोय, सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेले असतात ते. मी सचिव माणूस, मला कृतज्ञता हिशेबासारखी कळते. खर्चाची बाजू लिहिली आणि जमेची कोरी ठेवली तर हिशेबनीस ती वही माझ्या अंगावर फेकेल.

एप्रिल २०२१ आठवा. तुमच्यातल्या काहींना ते आठवणं जड जाईल, क्षमा करा. तेव्हा आमचा हाच ग्रुप काय करत होता? मध्यरात्री कुणी लिहायचं, बाबांचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दाखवतोय, आणि उत्तरं यायला लागायची. ऑक्सिमीटर दुसरा लावून बघा, बोट गार असेल तर चोळा. अमुक रुग्णालयात बेड सुटतोय, आत्ता फोन करा. रेमडेसिविरसाठी लोक जिल्ह्याच्या ठिकाणी पहाटे रांगेत उभे होते आणि त्यातले कित्येक स्वतःच्या घरच्यासाठी उभे नव्हते. ज्या घरात सगळे आजारी, त्यांच्या दाराशी डबा ठेवून बेल वाजवून निघून जाणाऱ्या बायकांची आम्ही पाळी लावली नव्हती. त्यांची त्यांनी लावली.

आमच्या बी विंगमध्ये एक गृहस्थ आहेत. सगळं ठळक अक्षरात लिहितात, प्रत्येक वाक्याला तीन उद्गारचिन्हं. पार्किंगवरून त्यांनी माझ्याबद्दल ग्रुपवर जे लिहिलंय ते मी इथे सांगत नाही, समोर मुलं बसलीत. याच गृहस्थांनी त्या महिन्यात स्वतःच्या गाडीतून ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले. मागची सीट काढून टाकली होती. गाडी जिथे लावायची नाही तिथे लावत होते आणि तेव्हा कुणीही तक्रार केली नाही, मीसुद्धा. आता पार्किंगबद्दलचा त्यांचा आग्रह चुकीचा आहे का? आहे. नियम १४ वाचून दाखवला तरी ते मानत नाहीत. मी त्यांना नोटीसही दिली. पण नोटिशीची भाषा मी लिहिली ती ज्या माणसाने सिलिंडर वाहिले त्याला लिहावी तशी. 'आदरणीय'ने सुरुवात केली आणि तो शब्द खरा होता.

गंमत म्हणजे त्या दिवसांतले मेसेज आता बहुतेकांकडे नाहीत. फोनची जागा भरली म्हणून पुसले. पार्किंगच्या भांडणाचे स्क्रीनशॉट मात्र तीन-तीन वर्षं जपून ठेवलेले आहेत, वेगळं फोल्डर करून.

पुन्हा थोडं पुण्यात जाऊ, कारण ती यादी अर्धवट राहिली. चहाच्या यादीत टिळक आणि गोखले एकत्र होते. पुढे दोघांचे रस्ते फुटले आणि ते भांडण क्षुल्लक नव्हतं. देशाने कोणत्या वाटेने जायचं याचं होतं. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेसच्या मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, पक्ष दुभंगला. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरले, स्मशानात आले आणि ज्यांच्याशी आयुष्यभर पटलं नाही त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणाले. लोकांना गोखल्यांसारखं व्हायला सांगितलं. मत एकही बदललं नव्हतं.

हे थोर आहेच. तरी मला एक चुटपुट लागते. गोखल्यांनी ते ऐकलं नाही. आपल्या ग्रुपवरही असंच होतं. माणूस गेला की पन्नास वेळा 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते, हात जोडलेली चित्रं येतात, आणि मग एकेक जण लिहितो की माझ्या मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी काकांनी किती धावपळ केली होती. काका हयात असताना ग्रुपवर त्यांना एवढंच ऐकायला मिळालेलं असतं की जिन्यात चपला ठेवू नका. म्हणून मी एक पद्धत ठेवलीय. कुणाला खरमरीत उत्तर लिहायला घेतलं की आधी आठवायचं, या माणसाने कुणासाठी काय केलंय. आठवलं तर ते त्याला त्याच दिवशी, वेगळं, एकट्याला कळवायचं. भांडणाचं उत्तर दुसऱ्या दिवशी. काहीच आठवलं नाही तर मी त्याला ओळखतच नाही. मग खाली जाऊन बेल वाजवायची. बेल वाजवल्यावर निम्मी भांडणं दारातच संपतात, कारण आतून 'या, चहा टाकते' असा आवाज येतो. पुण्यात चहाने भांडण लावलं, आमच्याकडे मिटवतो.

दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो. पहिली: 'नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्तेभाऊ रोज राजकारणाचे फॉरवर्ड टाकतो. कितीही समजावलं तरी ऐकत नाही. काय करावं?' समजावणं थांबवा. ग्रुप म्यूट करा आणि त्याला फोन लावा. फॉरवर्डचं नाव काढू नका, गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते विचारा. आत्तेभाऊ म्हणजे साठीच्या आसपास असणार, गुडघा दुखतच असेल. त्याची बाजू चुकीची आहे असं तुम्हाला वाटत असेल तर मतदानाच्या दिवशी लवकर जाऊन मत द्या. त्याने फॉरवर्डपेक्षा जास्त फरक पडतो.

दुसरी चिठ्ठी: 'सोसायटीचा ग्रुप सोडला तर?' सोडा की. फक्त टाकी धुणार त्या दिवशी पाणी किती वाजता जाणार, हे शेजाऱ्यांना विचारावं लागेल. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलणं चालू आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.