खणायच्या आधी शेजाऱ्याला नोटीस

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंड-वेल्समध्ये रांगेतलं घर किंवा जोडघर घेतलं की आपली मंडळी लवकरच मागे स्वयंपाकघर वाढवायला निघतात. काउन्सिलची प्लॅनिंग परवानगी आली म्हणजे सगळं झालं, असं धरून चालतात. काउन्सिल शेजाऱ्यांना कळवून २१ दिवस हरकती मागवतं, पण ते काउन्सिलचं काम. तुम्ही स्वतः शेजाऱ्याला द्यायची नोटीस वेगळी. प्लॅनिंग परवानगी लागत नाही अशा कामालाही ती लागू शकते.

ही नोटीस १९९६च्या पार्टी वॉल, म्हणजे सामाईक भिंतीच्या, कायद्याची. सामाईक भिंतीत लॉफ्टसाठी गर्डर बसवायचा असेल तर काम सुरू होण्याआधी किमान दोन महिने. हद्दीवर नवी भिंत बांधायची असेल तर एक महिना. खोदकामालाही एक महिना, आणि इथेच बहुतेक जण फसतात. भिंतीला हात लावत नाही, मग नोटीस कशाला, असं त्यांना वाटतं. पण शेजारच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणणार असाल तर नोटीस हवीच. जुन्या विटांच्या घरांचा पाया उथळ, आणि लंडनच्या चिकणमातीत नवा पाया मीटरभर तरी खाली न्यावा लागतो. म्हणजे साध्या एक्स्टेन्शनलाही नियम लागतोच म्हणा ना.

नोटिशीत घराच्या सर्व मालकांची नावं आणि पत्ता, कामाचा तपशील आणि सुरुवातीची तारीख लिहा. घर नवराबायकोच्या नावावर आणि नोटीस एकट्या नवऱ्याची, ही चूक नेहमीची. खोदकामाच्या नोटिशीला जागा आणि खोली दाखवणारे नकाशे जोडा. नकाशे नाहीत तर ती नोटीस ग्राह्य नाही. शेजारी भाडेकरू राहत असेल तर मालक कोण, ते लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे मालकी नोंदवणाऱ्या सरकारी कचेरीच्या, उताऱ्यावर पाहा. फ्लॅट असतील तर फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक) आणि लांब मुदतीचे लीजहोल्डर (भाडेपट्ट्याने फ्लॅट घेतलेले), दोघांनाही नोटीस. ईमेल चालतो, पण समोरच्याने तशी तयारी दाखवली असेल तरच.

गर्डर किंवा खोदकामाच्या नोटिशीला शेजाऱ्याने १४ दिवसांत लेखी होकार दिला तर प्रश्न मिटला. गप्प बसला तर मात्र तो होकार नव्हे, कायद्याने तो वादच. मग वाद सोडवायला दोघांचा मिळून एक सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाचा जाणकार, नाहीतर दोघांचे दोन. खर्च सहसा काम काढणाऱ्याच्या माथी. म्हणून कागद दारातून सरकवण्याआधी नकाशा घेऊन शेजाऱ्याकडे चहाला जाऊन या. तो होकार देत असला तरी त्याच्या भिंतीवरच्या जुन्या तड्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. पुढे तडा नवा की जुना, यावरच भांडण होतं.

आता प्लॅनिंगच्या अर्जाकडे. पन्हळ किंवा पाया शेजाऱ्याच्या जमिनीत इंचभर जरी जाणार असेल, तरी अर्ज करण्याआधी त्याला वेगळी नोटीस द्यायची आणि अर्जासोबत सर्टिफिकेट बी, म्हणजे काही जमीन दुसऱ्याची आहे असं सांगणारा दाखला, भरायचं. नकाशे काढणारे सवयीने सर्टिफिकेट ए भरून मोकळे होतात. त्याचा अर्थ, सगळी जमीन तुमचीच. जाणूनबुजून खोटं भरणं हा गुन्हा आहे. सही करण्याआधी छेदाच्या (उभ्या कापाच्या) नकाशात हद्दीची रेघ कुठून जाते ते स्वतः बघा.

आणि काम लांबलं तर लक्षात असू द्या: पार्टी वॉलची नोटीस १२ महिनेच चालते. तेवढ्यात कुदळ पडली नाही, तर ती पुन्हा द्यावी लागेल.