उद्याची पाळी

नमस्कार. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी करून थेट आलेली बरीच मंडळी समोर दिसताहेत, काहींच्या पायांत अजून सेफ्टी शूज आहेत. मागे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली आहेत. आणि डावीकडे बसलेल्या तुमच्यापैकी निम्म्या जणी तरी कणीक मळून, झाकून ठेवून आल्या असणार. तुम्हा सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मला एका रजिस्टरनं शिकवली.

मी एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये होतो. एकदा रात्रपाळीत, पहाटे चारच्या सुमारास, एका मोटरजवळून जाताना बेअरिंगचा आवाज बदललेला जाणवला. हात लावून पाहिला, नेहमीपेक्षा गरम. ग्रीस दिलं, आवाज बसला. म्हटलं, सकाळी पाळी बदलताना सांगू. सकाळी बस लागलेली, पुढच्या पाळीचा माणूस अजून गेटवर, आणि मी रजिस्टरात ‘सर्व ठीक’ लिहून निघालो. दुपारी बेअरिंग जाम झालं, मोटर जळाली, लाइन दीड दिवस बंद राहिली. पुढच्या पाळीचा तो माणूस माझ्याहून चांगला कारागीर होता. एक ओळ मिळाली असती तर त्यानं चहाच्या सुट्टीआधी बेअरिंग बदललं असतं. त्याला काम येत होतं, मला दोष कळला होता. मला कळलेलं त्याच्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच घडलं.

बरीच वर्षं ही गोष्ट मी कारखान्यापुरती धरून चाललो. मग एकदा लक्षात आलं, की रोज रात्री झोपताना मीही पाळी बदलतो. रात्री साडेदहाला ज्याला सगळं आठवत असतं, ज्याचा निश्चय पक्का असतो, तो माणूस सकाळी हजर नसतो. सकाळी उठतो तो पुढच्या पाळीचा माणूस. त्याला अजून झोप हवी असते, हातात फोन असतो, आणि काल काय ठरलं होतं ते त्याला अर्धवटच आठवतं. आपण त्याला आळशी म्हणतो, त्याच्यावर चिडतो. पण त्याच्या हातात आपण लेखी काय दिलं होतं?

स्वयंव्यवस्थापन म्हणजे मनाचा निग्रह, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. निग्रह असणाऱ्या माणसांबरोबर मी आयुष्य काढलं आहे. बारा-बारा तास उभी राहणारी माणसं होती ती. त्यांचीही विम्याची तारीख चुकायची, मुलाच्या शाळेचा फॉर्म राहून जायचा. निग्रह कमी नव्हता. पाळी सोपवण्याची सवय घरापर्यंत आली नव्हती.

चांगल्या हँडओव्हरमध्ये तीन गोष्टी असतात: काय झालं, कुठे थांबलं, आणि पहिला हात कुठे लावायचा. यातली तिसरी सगळ्यात मोलाची, आणि तीच आपण लिहीत नाही. ‘अहवाल पूर्ण करणे’ ही नोंद सकाळच्या माणसाला घाबरवते. ‘तिसऱ्या तक्त्यात मार्चचे आकडे भरायचे, कागद निळ्या फाइलीत वर ठेवलेत’ ही नोंद त्याला खुर्चीवर बसवते. मुलांनो, ‘भूगोल’ असं लिहून झोपू नका. कुठला धडा, कितवं पान, आणि पुस्तक तिथेच उघडून ठेवा.

यावर अभ्यासही झाला आहे. काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो की मनाचा एक तुकडा मागे रेंगाळतो, हे सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये मांडलं. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम्ब यांच्याबरोबर केलेल्या कामात तिला असं आढळलं, की उठण्याआधी मिनिटभर थांबून ‘परत आल्यावर इथून सुरू करायचं’ एवढं लिहिलं, तरी ते रेंगाळणं कमी होतं. आमच्या रजिस्टरातली शेवटची ओळ म्हणजे हेच.

दुसरं, नोंदीत वेळ आणि जागा हवी. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांचा १९९७ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. तो नेमका कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यापैकी साधारण तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत पाठवला. बाकीच्यांमध्ये हेच प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास राहिलं. मराठीत ‘जेव्हा’ म्हटलं की ‘तेव्हा’ आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. भाषेनं दिलेली ही सोय वापरा. ‘व्यायाम सुरू करायचा’ हे वाक्य अधांतरी राहतं. ‘जेव्हा दूध तापवायला ठेवीन, तेव्हा गोळ्या घेईन’ हे वाक्य पुरं होतं, आणि कामही होतं.

आपल्या प्रत्येक घरात कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचा हिशेब असतो. अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. अर्ध्या लिटर दुधासाठी आपण डोक्यावर भरवसा ठेवत नाही, आणि अख्खा दिवस मात्र डोक्यात घेऊन फिरतो!

आता अंदाजाविषयी, कारण इथे भले भले चुकतात. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ च्या वर. ही खोटी बोलणारी मुलं नव्हती. आपण अंदाज करताना सगळं सुरळीत चालेल असं चित्र डोळ्यांपुढे आणतो. मागच्या वेळी काय झालं होतं, ते आठवत नाही. म्हणून पंधरा दिवस एवढंच करा: कामापुढे अंदाज लिहा, काम झाल्यावर लागलेला वेळ लिहा. तुमचा स्वतःचा गुणाकार तुम्हाला सापडेल. माझा दीडपट निघाला. तेव्हापासून सकाळची यादी मी त्या मापानं कापतो.

हे कापणं मी वडिलांकडून पाहिलं होतं. आमची निफाडकडे द्राक्षबाग. विरळणीच्या दिवसांत वडील वेलीखाली उभे राहून चांगले, हिरवेगार घड काढून टाकायचे. मी लहान होतो, मला रडू यायचं. ते म्हणायचे, वेलीला पेलेल तेवढंच ठेवायचं, नाहीतर एकही मणी भरत नाही. यादीतली कामं वाईट असतात म्हणून काढायची नसतात. चांगलीच असतात. तरी काढावी लागतात, आणि त्याचं दुःख होतं, हे मान्य करून काढायची.

इथे भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट बोलतो, कारण ती फारशी बोलली जात नाही. सासूबाईंच्या गोळ्या, डबा, गॅस सिलिंडर, पाहुण्यांचा आहेर, शाळेची मीटिंग, हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात असेल तर तिनं कितीही नेटकं नियोजन केलं तरी ती थकणारच. तिला वेळेचं गणित जमत नाही, असं कुणी म्हणू नये. त्या घरात बाकीच्यांनी पाळीच घेतलेली नाही. कारखान्यात एका माणसाला तिन्ही पाळ्या कुणी लावत नाही. घरातही रजिस्टर भिंतीवर आलं पाहिजे, आणि नवऱ्यानं, मुलांनी ते वाचून सही केली पाहिजे. माझ्या घरी हे फार उशिरा झालं. त्याची मला खंत आहे.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, असं तुम्ही ऐकलं असेल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात मध्यक निघाला ६६ दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला त्यांच्या हिशेबानं २५४ लागले असते. मला त्यातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. कॅलेंडरवर खाडा पडला म्हणून दूधवाला बंद करत नाही आपण.

बागायतदार मंडळींना माहीत आहे, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून वेल मागे कापल्यावर, साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, आत घड तयार होत असतो. वरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात जे करायचं राहिलं, ते ऑक्टोबरात भरून काढता येत नाही. वडील म्हणून वही ठेवायचे. छाटणीच्या तारखा, फवारण्या, कुठल्या ओळीला पाणी कमी पडलं.

ते गेले ते फेब्रुवारीत, माल उतरायच्या दिवसांत. एप्रिलमध्ये धाकट्या भावानं ती वही काढली. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: ‘खरड छाटणी चौथ्या ओळीपासून सुरू. तिथं काड्या कमजोर आहेत, डोळे कमी ठेवणे.’ ते त्यांनी स्वतःसाठी लिहिलं होतं. भावानं वही बांधावर दगडाखाली उघडी ठेवली आणि चौथ्या ओळीपासून सुरुवात केली.