दुखत नाही म्हणून

नमस्कार मैत्रिणींनो.

गेल्या आठवड्यात एक मावशी नातवाला डोस द्यायला आमच्या केंद्रात आल्या. डोस झाला, पोरगं रडून दमलं, मावशी निघाल्या. उंबऱ्यापर्यंत जाऊन पदर सावरत मागे वळल्या. "सिस्टर, एक विचारू का?"

छातीत भिजल्या हरभऱ्याएवढी गाठ. कधीपासून? "संक्रांतीपासून. पण दुखत नाही हो."

हे 'दुखत नाही' मी किती जणींकडून ऐकलंय! दुखणं अंगावर काढण्यात आपण बायका पटाईत, मग न दुखणाऱ्या गाठीला कोण विचारतो? आणि स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखली असती तर बरं, असं मला कधीकधी वाटतं.

पाळी संपली की चार-पाच दिवसांनी आंघोळीच्या वेळी स्वतः हात लावून बघा. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरा. चिमटीत मात्र पकडू नका, चिमटीत सगळ्याच गाठी वाटतात. तीन बोटं सपाट ठेवून दाबत फिरवा, थेट काखेपर्यंत. बोंड आत ओढलेलं दिसलं, त्यातून रक्ताळ पाणी आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर थांबू नका.

काही लागलं नाही तरी तिशीनंतर पाच वर्षांतून एकदा सरकारी केंद्रात तपासून घ्या. पैसे पडत नाहीत. नुसत्या हाताने काय कळणार, म्हणाल. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला दर दोन वर्षांनी, चार वेळा, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी तपासलं. मशीन नाही, फक्त हात. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तेवढा फरक दिसला नाही, तेही सांगते.

बहुतेक गाठी कॅन्सरच्या निघत नाहीत. आणि तपासणीसाठी गाठीला सुई लावली की रोग पसरतो, हे चावडीवरचं डॉक्टरकीचं ज्ञान कृपा करून चावडीवरच ठेवा.

मावशी म्हणत होत्या, "गहू निघाला की जाते." मी म्हटलं, गहू पोरं काढतील, उद्याची एसटी धरा. गेल्या. रिपोर्ट अजून यायचाय. काल मात्र त्या पुन्हा आमच्या दारात उभ्या होत्या, या वेळी जावेला घेऊन.