खालची बोंडं आधी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. बाकी महाराष्ट्रातली मुलं आधीच वर्गात बसलेली असतात, पण आपल्याकडचं ऊन लवकर हटत नाही. त्यामुळे घंटा होते ती ऐन पेरणीत. पहिल्या आठवड्यात हजेरी घ्यायला लागलो की अर्धा वर्ग वावरात सरकी टोबायला गेलेला. दारव्ह्याच्या बाजूला एका गावच्या हायस्कूलमध्ये मी २६ वर्षं शिकवतो आहे, आणि एकही वर्ष असं गेलं नाही.

मुलांनी वर्षभरात काय मिळवलं असं कुणी विचारलं, की आम्ही मास्तर लोक दहावीची टक्केवारी सांगतो. आज मी टक्केवारी सांगणार नाही. बाकीचं सांगतो.

यंदा आठवीतली काही मुलं एनएमएमएसमध्ये, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीत, लागली. वर्षाला १२ हजार रुपये, नववी ते बारावी, सलग चार वर्षं. ज्या घरी ही रक्कम जाते त्या घरी मुलीला शाळेतून काढायचा विषय मागे पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला चित्रकलेची पोरं चांगल्या ग्रेडनं पास झाली. विज्ञानातल्या नव्या कल्पनेला मिळणाऱ्या इन्स्पायर अवॉर्डचे १० हजार एका मुलाला मिळाले. फवारणी करताना औषध उलटून तोंडावर येऊ नये, यासाठी त्यानं पंपाला जोड बनवली. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे या मुलांनी घरातल्या बोलण्यातून ऐकलेलं आहे. त्याला विषय शोधावा लागला नाही.

आणि भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या मुली संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. शेवटी डबा कानाशी हलवून आत खाऊ काय आहे ते ओळखायचं. खुळखुळला तर फुटाणे, गप्प राहिला तर शिरा. गॅदरिंगला आजकाल डीजे आणतात, भिंती हादरतात, पोरांचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. मी तर म्हणतो, त्या पैशात दोन ढोलक्या घ्या आणि मुलींना भुलाबाई म्हणू द्या. आमच्या शाळेत मी ते करवून घेतलं आहे.

असो. मला सांगायचं आहे ते खो-खोचं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलींच्या सतरा वर्षांखालच्या संघानं तालुका जिंकला. जिल्ह्याचे सामने आले सोमवारी, यवतमाळला, दसरा होऊन गेल्यावर. म्हणजे कापूस फुटलेला. संघातली एक मुलगी, नववीतली, नाव सांगत नाही. वर्गात तिचा आवाज ऐकायचा तर हजेरीलाच. पण पळतीला उतरली की साखळीत अशी वळायची, की मागची पोरगी दोनदा चुकायची. शनिवारी ती म्हणाली, "सर, मी नाही येत. वेचा आहे."

मी घरी गेलो. दोन एकराचं वावर, मायलेकी दोघीच. मंगळवारी व्यापाऱ्याची गाडी येणार. माय म्हणाली, "सर, दोन दिवसाचा वेचा बाकी हाय. सोमवारी कशी सोडू तिले?" तिचं काय चुकलं? मी काही न बोलता परत आलो.

रविवारी सकाळी सात वाजता संघातल्या आठ मुली त्या वावरात हजर. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती धरून नऊ झाल्या. मैदानात नऊच लागतात.

पण सातला कापूस वेचता येत नाही. दव असतं. ओला कापूस साठवला की पिवळा पडतो, भाव पडतो. मग दहापर्यंत करायचं काय? धुऱ्यापलीकडे पडीत जागा होती. तिथं दोन तुराट्या रोवल्या, खांब झाले, आणि मुलींनी अडीच तास सराव केला. माय इकडे चूल पेटवून भाकरी थापत होती, मधूनच मान वर करून बघत होती.

दहाला कमरेला ओट्या बांधून प्रत्येकीनं एकेक पात धरली. मीही धरली. खो-खोच्या पोरी, हाताला वेग. बोंड दिसलं की ओढलं. तासाभरात ओट्या भरल्या. मायनं ढिगात हात घातला आणि बाहेर काढला, तर कापसापेक्षा पाला जास्त. "हा कापूस हाय का कचरा व माय? व्यापारी तोंडावर फेकन!"

सगळ्या गप्प. तेव्हा आमची ती मुलगी बोलली. चांगली मोठ्यानं बोलली. "खालची बोंडं आधी. वरची आधी ओढली की सुकला पाला खालच्या कापसावर पडतो. पाचही बोटं लावा, बोंड धरून ठेवा, कापूस तेवढा काढा. किडकी कवडी वेगळी." एकीला म्हणाली, तू तिकडच्या पातीला जा. एकीला म्हणाली, तुझा हात हळू आहे, तू निवडायला बस. मला म्हणाली, "सर, तुम्ही पाणी आणा." मी पाणी आणलं.

श्रोतेहो, वर्गात जिच्या तोंडून तीन वर्षांत एक वाक्य निघालं नव्हतं, तिनं त्या दिवशी नऊ जणींचा संघ चालवला. पुन्हा सांगतो, वावरात चालवला. दिवस मावळेपर्यंत दोन दिवसाचा वेचा झाला. बोंडाच्या टोकांनी सगळ्यांची बोटं ओरबाडली होती, माझीही. बंडीत गाठोडी टाकली आणि तिथंच, बंडीजवळ, मी कॅप्टन बदलली. आधीची कॅप्टन स्वतःच म्हणाली, "सर, तिलेच करा."

आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. तिथल्या चमूनं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. ही गोष्ट मी मुलींना दरवर्षी सांगतो. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांनाही मी ती सांगतो. खेळाचा तास गणिताला देऊ नका. गणिताचा मास्तर म्हणून सांगतो आहे.

सोमवारी यवतमाळला माय सोबत आली. वेचा संपला होता, तिला घरी बसवेना. खांबाच्या मागं पदर डोक्यावर घेऊन बसली. उपान्त्य सामना आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात आमची कॅप्टन शेवटच्या तुकडीत पळाली. बसलेल्या मुलींमधून ती आत-बाहेर वाकत पळत होती, आणि माय शेजारच्या बाईला सांगत होती, "वावरात इतकी वाकत नाही व ते!" एका गुणानं आम्ही हरलो. जिल्ह्यात दुसरे आलो.

मुली रडल्या, मग एसटी स्टँडवर आलूबोंडे खाल्ले, मग गाडीत गाणी सुरू झाली, भुलाबाईचीच. माय माझ्या पुढच्या सीटवर होती. गाव जवळ आलं तशी मागं वळून म्हणाली, "सर, पुढच्या साली मॅच कवा हाय ते आंधी सांगत जा. मी वेचा मांगंपुढं करतो."

आता दरवर्षी सामन्यांच्या तारखा लागल्या, की नोटीस बोर्डाच्या आधी मी तिच्या घरी सांगून येतो.

नमस्कार.