तळखडा आणि कूलर

मंडळी, मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही. माझी सगळी नोकरी बांधकामांवर गेली. वाळवीची गाठ पडली ती लोकांच्या चौकटींत, आणि पुढं माझ्याच घरात. आपल्या मराठवाड्यात या विषयावर तोंड उघडलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "सायेब, इथं माणसाला प्यायला पाणी नाही, उधई कशावर जगायची?" ऐकायला पटतं, पण गणित उलटं आहे. वाळवीची कातडी इतकी पातळ असते की उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून तर ती मातीची नळी बांधून आतल्या आत चालते. बाहेर रान कोरडं पडलं की ती ओलीच्या मागावर घराकडं सरकते, आणि घरातली ओल आपणच केलेली असते.

कूलरचंच घ्या. मार्चमध्ये तो खिडकीला बसतो आणि पाऊस लागेपर्यंत हलत नाही. टाकी भरताना पाणी सांडतं, बूड गंजलेलं असतं, थेंब थेंब भिंतीवर उतरतो. तीन-साडेतीन महिने भिंतीचा तो तुकडा वाळतच नाही. खिडकीची चौकट लाकडी असली की वाळवीला पाणी आणि जेवण एकाच पंगतीत! त्यात कुणी त्याच भिंतीला पऱ्हाट्या-तुराट्यांचं सरपण टेकवून ठेवलेलं असतं.

आपल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात खांब कधी थेट जमिनीत पुरलेला पाहिलात का? खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब, वर तुळई, तिच्यावर किलचण, म्हणजे लाकडाच्या पट्ट्यांचा थर, आणि मग पांढऱ्या मातीचा थर. तळखडा भार तर पेलतोच, पण लाकडाला जमिनीपासून तोडतोही. दगड पोखरता येत नाही, त्यामुळं वाळवीला दगडावरून नळी चढवावी लागते, आणि ती नळी ओसरी सारवणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नसे. हात फिरवता फिरवता ती खरवडून निघायची. भिंतीत पुरलेल्या लाकडाला मात्र हे संरक्षण नव्हतं. मातीच्या भिंतीतून आतल्या आत तुळईपर्यंत गेलेली वाळवी मी पाहिली आहे. गळक्या माळवदाखाली तर विचारूच नका.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट झाली आणि लोकांनी माळवदाच्या ओझ्याची धास्ती घेतली. ऐपत असेल तिथं स्लॅब आले. ते योग्यच झालं. पण त्यासोबत एक समजूत आली, की स्लॅबच्या घराला वाळवी लागत नाही. सिमेंट ती खात नाही हे खरं, पण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. जोत्याभोवतीची फरशी भिंतीपासून सुटते. तेवढी फट वाळवीला राजरस्ता. जोत्याच्या भरावात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे तसेच सोडलेले, आणि चौकटीचे पाय फरशीखाली कोब्यात गाडलेले. आजोबांनी दगड घालून जे तोडलं, ते आपण सिमेंट घालून जोडलं.

माझ्या घरी न्हाणीघराच्या भिंतीला लागून प्लायवुडचं कपाट होतं. नळाचा जोड भिंतीतल्या भिंतीत पाझरत होता. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला घरोघर जुन्या पेट्या उघडल्या, तेव्हा आम्हीही वडिलांची फाइल काढली. वरचा पुठ्ठा जसाच्या तसा, नाडीची गाठही शाबूत. उघडली तर आत माती, आणि कडेला उर्दू अक्षरांची दोन बोटं रुंद पट्टी. निजामाच्या वेळचा कागद. वाचून दाखवणारा माणूस आम्ही अजून शोधतच होतो, तोवर वाळवीनं तो संपवला.

औषधवाला बोलावला. त्यानं पाठीवरच्या पंपानं भिंत ओली केली आणि दहा मिनिटांत पैसे घेऊन गेला. महिनाभरात नळी परत आली. भोकं कुठं पाडणार, हे मी, इंजिनिअर माणसानं, विचारलंच नव्हतं. उभ्या घरासाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. फरशी आणि भिंत मिळते त्या सांध्यात १२ मिलिमीटरची भोकं, ३० सेंटिमीटरवर एक. प्रत्येक भोकात लिटरभर द्रावण जिरवायचं, मग सिमेंटनं बुजवायचं. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली. आड किंवा बोअर भिंतीलगत असेल तर त्या बाजूला जमिनीत औषध ओतायचं नाही. घर अजून बांधायचं असेल तर कोबा टाकण्याआधी भरावावर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण जिरवून घ्या. पुढं फरशीला भोकं पाडण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. जळकं ऑइल मात्र चौकटीला फासत बसू नका. घरात वास राहतो आणि वाळवी आतल्या बाजूनं चालू राहते.

पण हे सगळं गळती बंद केल्यावर. मी आधी नळ दुरुस्त केला, मग औषध केलं.

नळी दिसली की लगेच झाडू मारू नका. मधला बोटभर तुकडा मोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. ओल्या मातीनं सांधलेली असली तर वाट चालू आहे. चौकट खालून वीतभर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. निरोगी लाकूड टणक वाजतं, खाल्लेलं बद्द. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात ना, तीही वाळवीच. बाहेरून दिव्यावर आले तर ठीक, पण फरशीच्या फटीतून निघताना दिसले तर मुक्काम घराखाली आहे. आणि ती मुंगी नव्हे बरं का, झुरळाच्या कुळातली. नागपंचमीला आपण पुजतो ते वारूळही तिनंच बांधलेलं, नागोबा आयता राहायला आलेला.

आल्या आल्या तुमच्या वाचनालयाचं मागचं कपाट पाहिलं. भिंतीला चिकटून आहे, आणि भिंतीपलीकडं मोरी आहे. चहा झाला की चौघं जण थांबा, कपाट हातभर पुढं ओढून घेऊ. पुस्तकं आधी काढावी लागतील.