केमो चालू असताना उठायचं की पडून राहायचं?

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुणाची केमो सुरू झाली की बाकीचे त्या माणसाला जागचं हलू देत नाहीत. “तू पडून राहा गं, पाणी मी आणते.” माया खरीच, पण आज मी या मायेच्या विरोधात बोलणार आहे.

केमोचा थकवा नुसत्या झोपेनं जात नाही. पडून राहिलं की स्नायू झिजतात, जिना जड वाटायला लागतो आणि मग आणखीच पडावंसं वाटतं. म्हणूनच अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ या संघटनेनं २०२२ साली उपचार चालू असतानाच व्यायाम करायला सांगितलं.

कॅनडात स्तनाच्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या २४२ स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या वजनं उचलणाऱ्या स्त्रियांना ठरलेली केमो इतरांपेक्षा पुरेपूर घेता आली. मला हे फार मोलाचं वाटतं. व्यायाम औषधाची जागा घेत नाही, औषध सोसायचं बळ देतो.

वजनं म्हटल्यावर काहीजणी दचकल्या असतील. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्या हातानं भाजीची पिशवीही उचलायची नाही, हात सुजेल, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मात्र देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलली तर सूज वाढत नाही, हे २००९ मध्येच दिसून आलं.

सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्यानं करा. पुढे आठवड्यातून तीनदा अर्धा तास जमलं तर उत्तम. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत वेग. आठवड्यातले दोन दिवस खुर्चीतून उठबस करा, ओट्याला धरून टाचा उचला. केमोच्या सलाईननंतरचे दोन-तीन दिवस घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालेल, आणि तेही जमलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

ताप, चक्कर, छातीत दुखणं, धाप यांपैकी काही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करा. पांढऱ्या पेशी कमी असताना जिम आणि पोहण्याचा तलाव टाळा. तळवे बधिर झाले असतील तर अनवाणी चालू नका. आजार हाडांत पसरला असेल किंवा प्लेटलेट घसरले असतील, तर विचारल्याशिवाय वजन उचलू नका.

पुढच्या तपासणीला रक्ताचा रिपोर्ट दाखवाल, तेव्हाच डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टच्या नावानं चिठ्ठी मागून घ्या. आणि घरच्यांनो, पाण्याचा तांब्या आज तिला स्वतःला उठून घेऊ द्या.