३३० अंश की १५०?

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्याजवळ मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल, तर तो हातात घ्या आणि सावकाश गोल फिरवा. एका ठिकाणी आवाज पार बसतो. तसाच फिरवत राहा, बरोबर अर्धी गिरकी झाली की तो पुन्हा बसतो. आतली एरियलची कांडी या दोन्ही वेळा प्रक्षेपण केंद्राच्या रेषेत आलेली असते. म्हणजे केंद्र कुठल्या रेषेवर आहे एवढं कळलं. ते रेषेच्या कुठल्या टोकाला आहे, ते एवढ्यावरून कळत नाही. आज ज्या नऊ जणांबद्दल बोलायचं आहे, त्यांचा जीव याच कोड्यात अडकला.

४ एप्रिल १९४३. लिबियात बेनगाझीजवळ सुलूक इथे अमेरिकी हवाई दलाचा तळ होता. तिथून त्या दुपारी २५ लिबरेटर विमानं इटलीतल्या नेपल्स बंदरावर बाँब टाकायला निघाली. लिबरेटर म्हणजे चार इंजिनांचं बी-२४. युद्धानंतर याच जातीची विमानं आपल्या हवाई दलानंही १९६८पर्यंत वापरली. त्या दिवशीच्या दुसऱ्या तुकडीत १३ विमानं होती आणि त्यांतल्या एकाचं नाव 'लेडी बी गुड'. वैमानिक विल्यम हॅटन, सहवैमानिक रॉबर्ट टोनर, नॅव्हिगेटर हेज, बाँब सोडणारे जॉन वोरावका, इंजिनिअर रिप्सलिंगर, रेडिओ ऑपरेटर लामोट आणि मशीनगनवर शेली, मूर व अ‍ॅडम्स. या नऊ जणांची एकत्र ही पहिलीच मोहीम.

उड्डाणाच्या वेळी तळावर वाळूचं वादळ होतं. बारीक वाळू इंजिनात गेली की इंजिन दगा देतं. दुसऱ्या तुकडीतली नऊ विमानं त्यापायी परत फिरली, चार पुढे गेली. संध्याकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी ती नेपल्सजवळ पोचली, पण खालचं काही धड दिसेना. 'लेडी बी गुड'नं आपले बाँब समुद्रात टाकले आणि अंधारात एकट्यानं परतीचा रस्ता धरला.

रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटन यांनी रेडिओवरून कळवलं की आमचं दिशादर्शक यंत्र चालत नाही, तळ कुठे आहे ते सांगा. बेनगाझीजवळच्या बेनिना विमानतळावरच्या रेडिओ केंद्रानं एरियल फिरवून विमानाची दिशा काढली. ती आली ३३० अंश, म्हणजे वायव्य. नेपल्सहून येणारं विमान त्याच बाजूला असायला हवं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण ३३०च्या बरोबर उलट टोकाला १५० अंश, म्हणजे आग्नेय. विमान तळ ओलांडून वाळवंटावर गेलेलं असतं, तरी त्या एरियलवर हाच आकडा उमटला असता. नंतरच्या अभ्यासकांनी या घटनेचा उलगडा असाच केला आहे, आणि विमान जिथे सापडलं ती जागा सुलूकच्या जवळजवळ १५० अंशांच्याच दिशेला आहे.

हे कोडं सोडवता येतं. विमानाला काटकोनात वळवून काही मिनिटं उडवायचं आणि पुन्हा दिशा घ्यायची. आकडा कुठल्या बाजूला सरकतो त्यावरून विमान अलीकडे आहे की पलीकडे ते कळतं. दुसऱ्या एखाद्या केंद्रानं दिशा काढली, तर दोन रेषा जिथे छेदतात तिथे विमान. त्या रात्री यांतलं काही झालं नाही. याला मी हलगर्जी म्हणणार नाही. आलेला आकडा अपेक्षेशी तंतोतंत जुळला, आणि जुळलेला आकडा सहसा कुणी पुन्हा तपासत नाही.

तळावरून प्रकाशबाण सोडले गेले, ते विमानातून दिसले नाहीत. पुढचे पावणेदोन तास विमान दक्षिणेला जात राहिलं. ताशी साडेतीनशे किलोमीटर वेग धरला, तरी हे सहाशे किलोमीटरच्या वर जातं. रात्री उंचावरून वाळवंट आणि समुद्र सारखेच काळे. पहाटे दोनच्या सुमाराला इंधन संपत आलं आणि सगळ्यांनी उड्या टाकल्या. समुद्रात पडू म्हणून अंगात तरंगायची जाकिटं होती. पाय टेकले ते वाळूवर.

आठ जण एकत्र आले, वोरावका सापडेनात. पाणी किती? एका कॅन्टीनमध्ये, म्हणजे सैनिकांच्या पाण्याच्या बाटलीत, अर्धं. भरलेल्या कॅन्टीनमध्ये लिटरभरही मावत नाही, म्हणजे आठ जणांत अर्धा लिटर. रोज माणशी एक झाकण ठरलं. टोनर यांनी छोट्या डायरीत रोज दोन-चार ओळी लिहिल्या, म्हणून हे सगळं आपल्याला माहीत आहे. समुद्र जवळच असेल असं धरून ते वायव्येला निघाले. उन्हात पडून राहायचं, रात्री १५ मिनिटं चालायचं, ५ मिनिटं थांबायचं. रात्री पारा ३५ फॅरनहाइटला, म्हणजे जेमतेम २ सेल्सिअसला, त्यामुळे झोप नाही. मागून शोधणाऱ्यांना कळावं म्हणून त्यांनी बूट बाणासारखे मांडले, पॅराशूटच्या पट्ट्यांवर दगड ठेवले. शोध मात्र भूमध्य समुद्रावर चालला होता.

८ तारखेला वाळूच्या टेकड्या लागल्या, लामोट यांचे डोळे गेले. ९ तारखेला शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. बाकीचे पाच तिथेच थांबले. डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची: मदत नाही, रात्र फार थंड.

रिकामं विमान त्यांच्या उडीच्या जागेपासून सुमारे २६ किलोमीटरवर, पोटावर घसरत वाळूत बसलं होतं. ते सुलूकपासून ७१० किलोमीटर आत होतं. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश पथकाला ते वरून दिसलं. पुढच्या वर्षी माणसं आत गेली, तेव्हा मशीनगन चालत होत्या, रेडिओ चालत होता, थोडं अन्नपाणी होतं आणि थर्मासमधला चहा पिण्याजोगा होता. चौथं इंजिन जमिनीला लागेपर्यंत फिरत होतं.

फेब्रुवारी १९६० मध्ये त्या पाच जणांचे अवशेष विमानापासून सुमारे १३० किलोमीटरवर मिळाले. अर्ध्या लिटर पाण्यावर माणसं इतकी चालतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, म्हणून आधीच्या वर्षीचा शोध या जागेच्या अलीकडेच थांबवला होता. मे महिन्यात शेली आणि रिप्सलिंगर सापडले, पाच जणांच्याही पुढे ३० किलोमीटरहून अधिक अंतरावर. ऑगस्टमध्ये वोरावका सापडले. त्यांचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं.

व्हर्नन मूर यांचे अवशेष अधिकृतपणे अजून मिळालेले नाहीत.